परग्रहांवरचे जीव कसे असतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परग्रहांवरच्या जीवांविषयी विचारले जाणारे बहुतेक प्रश्न ‘ते दिसतील कसे?’ इथून सुरू होतात. उत्तरं देताना मी पुन्हापुन्हा दुसऱ्याच प्रश्नाकडे वळणार आहे: ते जगतील कशावर? दिसण्याचा नंबर त्यानंतर लागतो.

जो जीव अजून सापडलेलाच नाही, त्याचं शास्त्र कसं काय असू शकतं?

टोमणा जुना आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९६४ मध्येच म्हटलं होतं की या शास्त्राला आपला अभ्यासविषय अस्तित्वात आहे हेच अजून दाखवता आलेलं नाही. म्हणणं रास्त आहे. पण खगोलजीवशास्त्राचं बरंचसं काम पृथ्वीवरच चालतं: जुन्या खडकांत, उकळत्या झऱ्यांत, बर्फाखालच्या तळ्यांत. जीव सुरू कसा झाला, तो कुठवर तग धरतो आणि मागे कोणत्या खुणा ठेवतो, हे आधी इथेच शोधावं लागतं. उद्या बाहेर काहीच मिळालं नाही, तरी हे काम वाया जाणार नाही.

‘जिवंत’ नक्की कशाला म्हणायचं?

नासात वापरली जाणारी कामचलाऊ व्याख्या अशी: स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनला अभिप्रेत असलेली उत्क्रांती जिच्यात होऊ शकते, अशी रासायनिक व्यवस्था. ती काटेकोरपणे लावायला गेलं की पंचाईत होते. खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, म्हणून ते निर्जीव का? विषाणू तर कायमचा कुंपणावरच बसलेला. ज्वाला मात्र या व्याख्येत बाद होते. ती खाते, वाढते, पसरते. पण काडीने पेटलेली आग आणि विजेने पेटलेली आग यांत पुढे काहीच फरक उरत नाही. तिच्यात वारसा उतरत नाही.

यानावर व्याख्या पाठवून उपयोग नसतो, मोजता येईल असं काहीतरी लागतं. रसायनशास्त्रज्ञ ली क्रोनिन यांच्या गटाने २०२१ मध्ये एक कसोटी मांडली: एखादा रेणू सुट्या तुकड्यांपासून जुळवायला कमीत कमी किती पायऱ्या लागतील ते मोजायचं. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत साधारण १५ पायऱ्यांच्या वरचे रेणू फक्त सजीवांकडूनच आलेले निघाले. या कसोटीवर टीकाही पुष्कळ झाली आहे. तरी तिची दिशा मला पटते, कारण समोरच्या जीवात डीएनए असलाच पाहिजे, असा हट्ट ती धरत नाही.

सिनेमातले परग्रहवासी माणसासारखेच का असतात?

कारण मुखवट्याच्या आत बराच काळ माणूसच असायचा. आता संगणकावर हवं ते काढता येतं, पण प्रेक्षकाला त्याचा राग-लोभ तर कळायला हवा! जीवशास्त्रात मात्र या आकाराला काही आधार नाही. दोन हात आणि दोन पाय हा आराखडा आपल्याला ३७ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, मांसल परांच्या माशांकडून वारशाने मिळाला. त्या परांच्या जोड्या दोन होत्या. तीन असत्या, तर आज कदाचित सहा अवयव आपल्याला अगदी स्वाभाविक वाटले असते.

मग त्यांना डोळे तरी असतील का?

जिथे उजेड आहे आणि जीव हालचाल करतात, तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. पृथ्वीवर डोळे अनेकदा स्वतंत्रपणे घडले. ऑक्टोपसचा डोळा बघा. आपल्यासारखंच भिंग, आपल्यासारखीच बाहुली, मागे प्रतिमा पकडणारा पडदा. आपला आणि त्याचा सामाईक पूर्वज मात्र ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याकडे फार तर उजेड-अंधार ओळखणारे ठिपके असावेत. म्हणजे दोन्ही वंशांनी वेगवेगळ्या वाटांनी जवळजवळ तेच यंत्र बांधलं. ऑक्टोपसचं थोडं सरसच आहे: त्याच्या पडद्याच्या नसा मागून निघतात, त्यामुळे आपल्या डोळ्यात असतो तो अंधबिंदू त्याच्या डोळ्यात नाही.

उडण्याचंही तसंच. कीटक, टेरोसॉर (डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरीसृप), पक्षी आणि वटवाघळं या चौघांनी पंख स्वतंत्रपणे मिळवले. शार्क, डॉल्फिन आणि नामशेष झालेला समुद्री सरीसृप इक्थिओसॉर एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत, तरी तिघांचीही अंगकाठी सारखी, कारण पाणी कापत जायचं तर तोच आकार परवडतो. माझा ठोकताळा असा: जे भौतिकशास्त्राने लादलेलं आहे ते दुसरीकडेही दिसेल, जे निव्वळ वारशाने आलेलं आहे ते दिसणार नाही. डोळा असणं पहिल्या प्रकारात मोडतं, तर दोनच डोळे असणं आणि ते तोंडाच्या वर असणं दुसऱ्या.

मेंदूच्या जागेबद्दलही हेच म्हणता येईल. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात. अक्कल डोक्यातच साठवली पाहिजे असा नियम नाही.

असा जीव कल्पायचा तर सुरुवात कुठून करायची?

अन्नापासून. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ ही पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरली, तेव्हा तिथे समुद्रतळाच्या भेगांतून गरम पाणी उसळत होतं आणि भोवती प्राण्यांची दाटी होती. सूर्याचा एक किरणही न पोचणाऱ्या जागी! तिथले नळीकृमी दोन मीटरपर्यंत वाढतात. पांढरी नळी, टोकाला लालभडक तुरा. त्यांना तोंड नसतं आणि आतडंही नसतं. तुऱ्यातलं रक्त प्राणवायू आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही एकदम वाहून नेतं. हायड्रोजन सल्फाइड आपल्यासाठी विषारी, पण कृमीच्या शरीरात दाटीने राहणारे जिवाणू त्याच्यावरच स्वतःचं आणि यजमानाचं पोट भरतात. हा प्राणी आधी कुणी कल्पनेने रंगवला असता, तर आपण त्याला हसलो असतो.

मात्र इथे एक खोच आहे. ते जो प्राणवायू वापरतात तो वरच्या जगातल्या, उन्हावर जगणाऱ्या जीवांनीच बनवलेला असतो. सूर्याशी नातं पूर्ण तोडलेला जीव हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत उतरावं लागतं. तिथे २.८ किलोमीटर खोलवर, खडकाच्या फटींतल्या पाण्यात ‘डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर’ नावाचा जिवाणू जवळजवळ एकटाच राहतो. खडकातल्या युरेनियमसारख्या मूलद्रव्यांच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो आणि त्यावर याचा गुजारा चालतो.

ऊर्जा किती मिळते यावर जीवाचा वेग ठरतो. माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण विश्रांतीत असताना २० टक्के ऊर्जा तो एकटाच खातो. खडकातून झिरपणाऱ्या हायड्रोजनवर असला चैनीचा अवयव पोसता येत नाही. पाठलाग करणारा शिकारी आणि पळणारं सावज हवं असेल, तर त्या जगात प्राणवायूइतकं तडफदार काहीतरी मुबलक असावं लागेल.

पाणी लागतंच का?

द्रव लागतो, असं म्हणणं अधिक सुरक्षित. पाण्याची बाजू भक्कम आहे: ते बऱ्याच मोठ्या तापमानपट्ट्यात द्रव राहतं, असंख्य पदार्थ विरघळवतं आणि गोठलं की तरंगतं, त्यामुळे तळी तळापासून गोठत नाहीत.

दुसऱ्या बाजूने शनीचा उपग्रह टायटन उभा आहे. तिथे उणे १७९ अंश सेल्सिअसला मिथेन आणि इथेनची तळी आहेत, मिथेनचा पाऊस पडतो, नद्या वाहतात. अशा द्रवात आपल्या पेशींची स्निग्ध आवरणं टिकणार नाहीत. म्हणून कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ॲक्रिलोनायट्राइलच्या रेणूंपासून बनलेलं आवरण संगणकावर मांडलं, आणि २०१७ मध्ये हा रेणू टायटनच्या हवेत असल्याचं ‘अल्मा’ दुर्बिणीने पक्कं केलं. गोष्ट रंगात आलेली असतानाच २०२० मध्ये दुसऱ्या गटाने गणित करून दाखवलं की असं आवरण तिथे आपोआप जुळून येणार नाही, त्या रेणूंचा साधा बर्फच होईल. टायटनवर जीव असलाच तर त्याला पेशीशिवाय जगता यायला हवं, किंवा आपल्याला न सुचलेलं आवरण त्याच्याकडे हवं. आणि तो कमालीचा संथ असेल, कारण इतक्या थंडीत रासायनिक क्रिया रखडतच चालतात.

सिलिकॉनचे जीव?

आवर्तसारणीत कार्बनच्या अगदी खाली बसतो म्हणून सिलिकॉनचं नाव येतं. पण पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, कार्बन एक टक्काही नाही. इतका हाताशी असूनही इथल्या जीवांनी आपला सांगाडा कार्बनवरच रचला. कारणं उघड आहेत. सिलिकॉन प्राणवायूला एकदा चिकटला की सहजी सुटत नाही. कार्बन जाळला की वायू होतो, तो श्वासाबरोबर बाहेर टाकता येतो. सिलिकॉन जाळला तर वाळू होते. असा प्राणी उच्छ्वासात रेती फेकत बसेल.

आर्सेनिकवर जगणारा जिवाणू सापडला होता ना?

२०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातल्या जिवाणूबद्दल तसा दावा झाला होता: तो डीएनएत फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो म्हणे. इतरांनी तपासलं तर तसं काही आढळलं नाही. ‘सायन्स’ने तो निबंध २०२५ मध्ये मागे घेतला.

गुरुत्वाकर्षण जास्त असेल तर जीव बुटके होतील?

जमिनीवर, हो. प्राण्याची उंची त्याच प्रमाणात दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण पायाच्या हाडाचा छेद चौपटच. गुरुत्वाकर्षण वाढलं की ही अडचण लवकर आडवी येते. समुद्रात पाणीच भार उचलतं, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. मात्र पूर्ण समुद्राखालच्या ग्रहावर कितीही हुशार जीव असला तरी त्याला आग पेटवता येणार नाही. आग नाही म्हणजे धातू वितळवणं नाही, आणि मग दुर्बीण किंवा रेडिओही नाही. अशा हुशारीचा पत्ता आपल्याला लागणं कठीण.

लाल ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर झाडं काळी असतील का?

असू शकतील. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे लाल खुजे आहेत. त्यांचा उजेड मंद आणि बहुतांशी अवरक्त, त्यामुळे मिळेल तो सगळा प्रकाश शोषून घेणारं गडद पान फायद्यात राहील. रंगापेक्षा मोठी अडचण ताऱ्याच्या स्वभावाची आहे. ऊब मिळावी म्हणून ग्रहाला ताऱ्याला खेटून फिरावं लागतं, त्याची एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे वळलेली राहते, आणि तरुण लाल तारे अधूनमधून असे भडकतात की जवळच्या ग्रहाची हवाच उडून जावी. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लाल खुज्या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत. त्यातल्या सर्वांत आतल्या ग्रहावर जेम्स वेब दुर्बिणीला दाट वातावरणाचा मागमूस लागला नाही. हवा नसेल तर पानाच्या रंगाची चर्चा कशाला करायची?

सूर्यमालेत सर्वांत आशेची जागा कोणती?

माझं मत एन्सेलॅडसला. शनीचा हा उपग्रह जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याचे फवारे उडताना दिसले. यान त्यांतून आरपारही गेलं. फवाऱ्यांत मीठ, कार्बनी रेणू, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन आढळले. २०१७ मध्ये हायड्रोजन जाहीर झाला, २०२३ मध्ये फॉस्फेट. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आहेत. म्हणजे तिथे ताट वाढलेलं आहे, जेवणारा आहे की नाही ते ठाऊक नाही. शिवाय त्याच्या बर्फाखालचा समुद्र स्वतःचं पाणी स्वतःच बाहेर फेकतो, त्यामुळे कित्येक किलोमीटर बर्फ फोडण्याची गरज पडत नाही. कॅसिनीची उपकरणं १९९७ च्या आधीची होती आणि जीव शोधण्यासाठी बनवलेलीच नव्हती. पुन्हा तिथे यान पाठवायला इतका उशीर होतो आहे, ही मला तरी खटकणारी गोष्ट आहे.

मंगळावर जीव सापडल्याच्या बातम्या मधूनमधून येतात, त्यांचं पुढे काय होतं?

बहुधा वाद होतो. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषक द्रावण टाकलं, तर किरणोत्सारी वायू बाहेर आला. माती आधी १६० अंशांना तापवली, तर तो आला नाही. जीव असल्यासारखंच! पण त्याच यानांवरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत जीवांना लागणारे कार्बनी रेणूच मिळाले नाहीत. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं, तेव्हा कोडं थोडं सुटलं: तापवल्यावर हे रसायन कार्बनी रेणू जाळून टाकतं.

१९९६ मध्ये एएलएच ८४००१ या मंगळावरून आलेल्या अशनीत जिवाणूंचे जीवाश्म असल्याचा दावा इतका गाजला की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष त्यावर बोलले. त्यातल्या प्रत्येक खुणेला नंतर निर्जीव स्पष्टीकरण मिळालं. सध्याचा सर्वांत रोचक दगड म्हणजे पर्सिव्हिअरन्स बग्गीला २०२४ मध्ये जेझेरो विवरात मिळालेला ‘चेयावा फॉल्स’. त्याच्यावर गडद कडांचे ठिपके आहेत, आणि त्यांत लोहाचे असे क्षार आहेत जे पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात. नमुना नळीत बंद आहे. तो पृथ्वीवर आणायची मोहीम खर्चापायी रखडली आहे.

दूरच्या ग्रहावर जीव आहे हे इथे बसून कसं कळणार?

हवेतल्या वायूंवरून. याची चाचणी पृथ्वीवरच झाली आहे: डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या उपकरणांतून पृथ्वीवर जीव ओळखता येतो का ते पाहिलं. भरपूर प्राणवायू आणि त्याच्या जोडीला मिथेन दिसला. हे दोघे एकत्र टिकत नाहीत, म्हणजे कुणीतरी दोन्ही सतत पुरवत असणार.

नुसत्या प्राणवायूवर भरवसा ठेवू नये. अतिनील किरणांनी पाणी फुटून हायड्रोजन अवकाशात निसटला तरी प्राणवायू मागे उरतो. उलटही खरं: पृथ्वीवर जीव आल्यानंतर १०० कोटींहून अधिक वर्षं हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्या काळात कुणी लांबून पाहिलं असतं, तर पृथ्वी त्याने यादीतून खोडली असती.

१२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८ बी ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड असल्याचा दावा २०२३ आणि २०२५ मध्ये झाला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्री सूक्ष्मजीवांकडून येतो. पण तीच निरीक्षणं इतरांनी तपासली तेव्हा संकेत फिका पडला, आणि ६७पी या धूमकेतूवरही हा रेणू सापडला आहे. तिथे तर समुद्र नाही की शेवाळ नाही.

पृथ्वीवरचा जीव बाहेरून आला असेल का?

कच्चा माल तरी नक्की येत होता. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या धुळीत, आपली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात त्यांतली १४ मिळाली, शिवाय डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे आनुवंशिक माहिती ज्यांत लिहिली जाते ती ‘अक्षरं’. जिवंत जीव आल्याचा पुरावा मात्र नाही. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी उंचावरच्या हवेचे नमुने गोळा केले होते. २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवर जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. त्या पृथ्वीबाहेरून आल्याचं यातून सिद्ध होत नाही, हे इस्रोनेही तेव्हाच स्पष्ट केलं होतं. आणि जीव बाहेरून आला असं मानलं, तरी तो तिथे कसा सुरू झाला हा प्रश्न उरतोच.

बुद्धिमान जीव किती असतील?

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये त्यासाठी समीकरण मांडलं: तारे किती, त्यांतल्या किती जणांना ग्रह, त्यांतल्या किती ग्रहांवर जीव, असे आकडे एकमेकांनी गुणत जायचे. त्यातले काही आकडे आता बरे माहीत आहेत, उरलेल्यांत आपापला स्वभाव भरता येतो. पृथ्वीवर जीव किमान ३५० कोटी वर्षांपासून आहे, प्राणी साधारण ६० कोटी वर्षांपासून आणि रेडिओ सव्वाशे-दीडशे वर्षांपासून. यावरून मला वाटतं, जीव असलेल्या बहुतेक जगांत आपल्याला भेटेल तो चिकट थर. त्यातही मी खूश असेन.

आणि उडत्या तबकड्या?

तपासता येईल असा एकही तुकडा आजवर कुणी समोर ठेवलेला नाही.

आपण त्यांना काही कळवलं आहे का?

१९७७ च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे. दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास पोचायला यानांना सुमारे ४० हजार वर्षं लागतील, तेव्हा उत्तराची वाट बघू नका.

ते आपल्याला खातील, किंवा त्यांचे रोग आपल्याला होतील?

विषाणू यजमानाच्या पेशींची यंत्रणा वापरतो, आणि ती ओळखायला पिढ्यानपिढ्यांचा सहवास लागतो. परक्या विषाणूला आपली पेशी बहुधा वाचताच येणार नाही. खाण्याचंही अवघडच: अमिनो आम्लं डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन घडणींची असू शकतात, आणि आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या आम्लांची आहेत. उजव्या घडणीवर वाढलेल्या प्राण्याला माणूस चावता येईल, पचेलच असं नाही. खरी धास्ती साध्या सूक्ष्मजीवाची, ज्याला फक्त उजेड, पाणी आणि क्षार हवेत. तो इथे नुसताच वाढत सुटला तर? म्हणून १९६७ च्या अवकाश करारात दोन्ही दिशांचं प्रदूषण टाळण्याचं कलम आहे, आणि कॅसिनीला २०१७ मध्ये मुद्दाम शनीत बुडवलं ते त्याच्या उपग्रहांना आपले जंतू लागू नयेत म्हणून.

मला कथेसाठी असा जीव रचायचा आहे. कसा रचू?

समजा, बर्फाखालचा अंधारा समुद्र घेतला. अन्न दोन ठिकाणी: तळाच्या गरम भेगांपाशी हायड्रोजन, आणि वर बर्फाच्या खालच्या बाजूला, किरणोत्सर्गाने तयार होऊन खाली झिरपलेली थोडीशी ऑक्सिडीकारक (प्राणवायूसारखं काम करणारी) रसायनं. दोन्ही एकत्र आली तर चांगली ऊर्जा मिळेल, पण मध्ये शंभर किलोमीटर पाणी. मग तुमचा प्राणी प्रवासी होईल: खाली हायड्रोजनवर जगणारे जिवाणू अंगात भरून घ्यायचे, महिनोन्महिने वर तरंगत जायचं, छताला चिकटून दुसरा घास घ्यायचा. डोळे नकोत, पाण्यातली कंपनं आणि चव पुरे. त्याच्या दृष्टीने जगाला तळ आहे आणि छत आहे, आकाश ही कल्पनाच नाही. त्याला देव हवा असेल तर तो छतातल्या भेगेतून येणाऱ्या चवीचा असू द्या. शेपटी किती आणि रंग कोणता, हे सगळ्यात शेवटी ठरवा. अंधारात रंग दिसतो कुणाला?

येत्या काळात कशावर लक्ष ठेवावं?

नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे, २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल आणि त्याचा बर्फाळ उपग्रह युरोपा याच्याजवळून जवळजवळ पन्नास फेऱ्या मारेल. युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान २०३१ मध्ये तिथेच पोचायचं आहे. टायटनवर उडणारं ड्रॅगनफ्लाय २०२८ मध्ये सोडायचं ठरलं आहे, ते २०३४ मध्ये उतरेल. यांपैकी कुणी ‘जीव सापडला’ असं म्हणालं, तर आधी दुसऱ्या गटाचं विश्लेषण येऊ द्या आणि मग पेढे वाटा.